अंगण वाकडंच होतं

बॅले कंपनीत तिला सगळे 'पहिली' म्हणत. पहिली म्हटल्यावर कुणालाही वाटेल, मुख्य नर्तकी असणार, पोस्टरवर फोटो, हातात गुच्छ. तसलं काही नव्हतं. मुख्य नर्तकी नाचते तेव्हा तिच्या मागे एकसारख्या कपड्यांतल्या मुलींची जी लांबलचक रांग असते, त्या रांगेतली ती पहिली. पोस्टरवर ही रांगही असते, पण धूसर. प्रेक्षकांना ती पडद्यासारखी वाटते, आणि पडद्याचे पाय दुखत असतील असं कुणाच्या मनात यायचं काही कारण नसतं.

तिचे वडील नळदुरुस्ती करायचे, आई लाँड्रीत इस्त्री करायची. नाचातलं दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना बॅलेच्या सरकारी शाळेतल्या बाई साध्या शाळांमधून मुली निवडत फिरत होत्या. त्यांनी तिचा पाय धरून कानापर्यंत नेला, मान मोजली, पावलाची कमान दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "आईला बोलवा." आई कामावरून तशीच घामेघूम आली. बाईंनी तिला काही विचारलं नाही, फक्त पुढून पाहिलं आणि पाठमोरी उभी राहायला सांगितलं. मुलगी पुढे जाऊन जाड होईल की नाही, ते आईवरून कळतं म्हणे.

"मी काय कापड आहे, दोन्ही बाजूंनी बघायला?" आई म्हणाली. पण मुलीची निवड झाली होती, शाळेला फी नव्हती, आणि मुलीचा चेहरा असा काही फुलला होता की आईने राग गिळला. पुढे हा राग तिने बरीच वर्षं गिळला. पोटात मुरला तो, पण जिरला मात्र नाही.

वडिलांनी घराबाहेरच्या बोळात भिंतीला पाण्याचा पाईप ठोकून दिला. नाचणाऱ्या मुली धरतात तो बार, तसा. शेजारणी त्यावर टॉवेल वाळत घालायच्या. ती टॉवेल बाजूला सारायची आणि पाय ठेवायची. येणारेजाणारे तिच्या पायाखालून वाकून जायचे, आणि वडील शेजाऱ्यांना म्हणायचे, "जरा मान झुकवली तर काय बिघडतं? एवीतेवी झुकवताच की ऑफिसात."

शाळेतल्या पहिल्याच वर्षी तिला जन्मभराचा धडा मिळाला. मुलींची रांग गोल फिरून उजवीकडे वळायची होती. सगळ्यात पुढची मुलगी गोंधळली आणि डावीकडे वळली. मागच्या सगळ्या तिच्यामागे डावीकडे गेल्या. ही एकटी, शिकवल्याप्रमाणे, उजवीकडे. बाईंची छडी तिच्या पोटरीवर बसली.

"मी बरोबर वळले होते, बाई," ती म्हणाली.

"बघणाऱ्याला चुकलेली कोण दिसली?"

ती पोटरी चोळत उभी राहिली.

"पुढची चुकली की मागच्या सगळ्यांनी तीच चूक करायची," बाई म्हणाल्या. "सगळ्या मिळून चुकलात तर लोकांना वाटेल, नाचच असा आहे. एकटी बरोबर राहिलीस, तर लोक म्हणतील, ती बघा चुकली. पुढचीला सोडायचं नाही. कधीच नाही."

घरी आईने पोटरीवरचा वळ पाहिला आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. "म्हणजे पुढचीने विहिरीत उडी टाकली तर माझ्या लेकीनेही टाकायची? चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा हा तुमच्या बाईंचा न्याय." संध्याकाळी दोघी एकाच घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय सोडून बसायच्या. आई दिवसभर इस्त्रीपाशी उभी, मुलगी दिवसभर बारपाशी. आईच्या पायावर निळ्या शिरा, मुलीच्या बोटांवर फोड. कुणाचे पाय जास्त वाईट यावरून दोघींची पैज लागायची, आणि पुढे पुढे मुलगीच जिंकू लागली.

जिंकणारच होती. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे ते बूट बाहेरून गुलाबी रेशमाचे दिसतात. आत कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून दगडासारखे कडक केलेले असतात. नवे बूट आले की मुली ते दाराच्या फटीत चिरडतात, पायरीवर आपटतात, तळ चाकूने खरवडतात, तेव्हा कुठे ते पायात घालण्याजोगे होतात. अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं तरी चेहऱ्यावर हसू पाहिजे. 'आई गं' म्हणायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त याला कला म्हणतात आणि तिकीट लावतात.

शाळा संपवून ती कंपनीत गेली. दर सोमवारी वजन व्हायचं, सगळ्यांदेखत. एकदा तिने विचारलं, एकटीने नाचायची छोटी भूमिका तरी मिळेल का. तेव्हाचे संचालक म्हणाले, "तू रांगेत फार चांगली आहेस." झालं. चांगलं काम केल्याची शिक्षा अशी असते. ती रांगेतच राहिली आणि वर्षागणिक पुढे सरकत गेली, ते पुढच्या मुली गुडघे नाहीतर कंबर मोडून घरी गेल्या म्हणून. शेवटी तिच्या पुढे कुणीच उरलं नाही.

पहिलीचं काम काय असतं ते नाचणाऱ्यांखेरीज कुणाला माहीत नसतं. तिने श्वास घेतला की रांग श्वास घेते. तिचं पाऊल अर्ध्या वितीने चुकलं तर शेवटच्या मुलीपर्यंत रांग वाकडी होते. मुख्य नर्तकी नाचत असते तेव्हा बाकीच्यांनी एका पायावर भार टाकून, मान कलती ठेवून, पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं. नाचण्यापेक्षा ते उभं राहणं जास्त जीव घेतं. पोटरीत गोळा येतो. तेव्हा पहिली ओठ न हलवता मागच्या मुलींशी बोलायची. "टाच दाब. आता सोड. संपलंच बघ." प्रेक्षकांना वाटायचं, काय शांत उभ्या आहेत.

रांगेच्या शेवटी जी सगळ्यात नवी आणि सगळ्यात लहान असायची, तिला सगळ्याजणी 'शेपूट' म्हणायच्या. या गोष्टीतली शेपूट अठरा वर्षांची होती. मोठी गोड पोर, हसायला लागली की थांबायची नाही. राळेच्या डब्यातून बाहेर यायलाच तयार नसायची. राळ म्हणजे तीच, झाडाच्या चिकाची. विंगेत पसरट डब्यात तिचे खडे ठेवतात. स्टेजवर जायच्या आधी प्रत्येकीने डब्यात उभं राहून बुटांच्या टोकाने खडे चुरडायचे, म्हणजे बुटाला पकड येते. पैलवान आखाड्याची माती लावतो तसंच हे. राळ न लावता स्टेजवर जायचं कुणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाही.

ते एका माणसाच्या मनात आलं. हा नवा संचालक. बोलताना तो समोरच्याकडे पाहायचाच नाही, तालमीच्या खोलीतल्या मोठ्या आरशात स्वतःकडे बघत बोलायचा. म्हणून मुलींनी त्याचं नाव 'आरसा' ठेवलं होतं. आयुष्यात कधी टोकावर उभा न राहिलेला हा गृहस्थ एक नवा नाच बसवत होता. धरणात गाव बुडतं आणि संध्याकाळी त्या गावच्या बायका पाण्यातून एकामागून एक वर येतात, असा. येताना धावायचं, उडी घ्यायची, एका टोकावर उतरायचं, दुसरा पाय मागे धरून थांबायचं, की पुन्हा धावायचं. कल्पना वाईट नव्हती. पण आरशाला स्टेज पाण्यासारखं दिसायला हवं होतं, म्हणून त्याने जुन्या लाकडी फळ्यांवर काळी, चकचकीत, तोंड दिसेल अशी जमीन घालून घेतली. आणि त्या जमिनीवर राळेचे पांढरे ठसे उमटतात म्हणून राळेचा डबा विंगेतून उचलून नेला.

मुली घसरायला लागल्या. त्यांनी आपापले उपाय काढले. कुणी बूट ओले करायचं, कुणी साखरेचं पाणी चोपडायचं. साखरेने मुंग्या झाल्या, आणि मुंग्या पाहून आरशाने साखरही बंद केली. मुलींचे पाय त्याला कधी दिसले नाहीत, मुंग्या लगेच दिसल्या.

प्रयोगाला आठवडा राहिला होता. तालमीत शेपूट धावत आली, उडी घेतली, आणि स्टेजच्या मधोमध, जिथे दिव्याचा सगळा झोत पडतो तिथे, टोकावर उतरली. टोक सरकलं. घोट्याचा आवाज पहिलीने रांगेच्या दुसऱ्या टोकाला ऐकला. मागे वळून पाहायचं नाही हा इतक्या वर्षांचा नियम तिने तेव्हा मोडला. शेपूट जमिनीवर बसली होती, आपल्या पावलाकडे बघत होती, आणि पाऊल भलत्याच दिशेला होतं.

"पडली?" आरशाने विचारलं. "घोट्यात ताकद नाही. शाळेतून दुसरी मागवा."

शेपटीला दवाखान्यात नेलं. घोट्यात स्क्रू बसले. कंपनीने लिहून टाकलं, नर्तकीचा निष्काळजीपणा. डॉक्टर म्हणाले, चालेल नीट, पण नाच विसरा. अठराव्या वर्षी.

पहिली आरशाच्या खोलीत गेली. वरिष्ठांच्या खोलीत तक्रार घेऊन जायची तिची ती पहिलीच वेळ होती.

"सर, ती जमीन काढा, नाहीतर राळेचा डबा परत द्या. अजून पोरी पडतील."

"बाकीच्या कुठे पडल्या?"

"पडल्यात. तुमच्यासमोर नाही पडल्या, एवढंच."

आरशाच्या खोलीतही आरसा होता. त्यात बघून केस सारखे करत तो म्हणाला, "एक म्हण आहे बघ. नाचता येईना, अंगण वाकडं."

ज्याने कुणी ही म्हण काढली त्याला एकदा तरी वाकड्या अंगणात नाचायला लावायला हवं होतं. किती पिढ्या ती नाचणाऱ्यांच्या तोंडावर फेकली गेली असेल, आणि एकानेही खाली वाकून अंगण तपासलं नसेल. पहिलीचे कान गरम झाले. चांगली सुनावावी असं फार वाटलं तिला. पण चोवीस वर्षांची सवय. ती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. जिना उतरताना त्या 'बरं'बद्दल तिने स्वतःला शिव्या दिल्या.

घरी आईने विचारलं, "मग सांगा ना सगळ्याजणी, आम्ही नाचत नाही म्हणून."

"आम्ही नाही तर शाळेतल्या मुली आणतील, आई. सोळा-सोळा वर्षांच्या. त्यांना तर पडायचंही कळत नाही अजून."

"आणि इतर पोरी काय म्हणतात?"

"घाबरतात. कुणाचं घरभाडं आहे, कुणाला पुढच्या वर्षी भूमिका मिळायचीय. मी विचारलंच नाही. विचारलं आणि हो म्हणाल्या, तर उद्या सगळ्याच दोषी ठरतील."

आई इस्त्रीच्या चटक्यांनी डागाळलेले आपले हात बघत बसली. वडील आता नव्हते, पण बोळातला पाईप अजून होता आणि त्यावर टॉवेलही. "लहानपणी तुला त्या बाईने मारलं होतं," आई म्हणाली. "सगळ्या चुकल्या आणि तू एकटी बरोबर होतीस म्हणून. मला अजून राग आहे त्याचा."

घमेल्यातलं पाणी गार झालं तरी पहिलीने पाय काढले नाहीत.

प्रयोगाचा दिवस आला. नाट्यगृह भरलेलं, पुढच्या रांगेत मंत्री, टीकाकार, देणगीदार. विंगेत मुली आपल्या जागी उभ्या होत्या. राळेचा डबा असायचा तिथे आता रिकामी जागा होती, तरी सवयीने प्रत्येक मुलगी तिथे जाऊन बूट घासत होती. कोऱ्या जमिनीवर. ते पाहून पहिलीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. शेपटीच्या जागी शाळेतून आणलेली मुलगी होती.

पहिली मागे वळली. "काहीही झालं तरी पुढचीला सोडायचं नाही," ती म्हणाली. मुलींनी माना हलवल्या. हे त्यांना नवं नव्हतं.

संगीत सुरू झालं. व्हायोलिन धावायला लागली. पहिली विंगेतून बाहेर आली आणि चालायला लागली.

नुसती चालली. पूर्ण तळवा जमिनीवर टेकवून, सावकाश, लाँड्रीतून सुटलेली बाई घरी जाते तशी. धावली नाही, उडी घेतली नाही, टोकावर चढली नाही. मागे क्षणभर काहीच हललं नाही, आणि त्या क्षणी तिला वाटलं, संपलं, आता दुसरी धावणार आणि मी एकटी चुकलेली दिसणार. मग तिला मागे पाऊल ऐकू आलं. सपाट, पूर्ण टेकलेलं. त्याच्यामागे आणखी एक. नऊ वर्षांच्या पोरींच्या पोटऱ्यांवर छडी मारून जो नियम रुजवला होता, तो आता कामाला आला होता. बुडालेल्या गावच्या सगळ्या बायका एकामागून एक पाण्यावरून चालत आल्या, संगीत धावत राहिलं, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. वाद्यवृंदाच्या संचालकाची काठी एकदा अडखळली. समोरच्या विंगेत आरसा उभा होता, पांढराफटक, मुठी वळलेल्या. पहिली त्याच्या नजरेला नजर देऊन चालत गेली. शेवटची पोर विंगेत पोचली तेव्हा कुणाचा घोटा मोडला नव्हता. आणि नाट्यगृह उठून उभं राहिलं होतं.

टाळ्या थांबेनात. त्या ऐकता ऐकता आरशाच्या मुठी उघडल्या, चेहऱ्यावर रंग आला, त्याने केस सारखे केले आणि मुलींना बाजूला सारून स्टेजच्या मध्यावर जाऊन वाकला. छातीवर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: नाचातून नाच काढून टाकण्याचं धाडस, संचालकांची प्रतिभा, बुडालेल्यांचं ते साधं चालणं. वारूळ मुंग्यांनी बांधायचं आणि नागोबाने आयतं त्यात राहायचं, आणि वर लोकांनी नागोबालाच दूध पाजायचं.

त्याच दुपारी त्याने पहिलीला बोलावलं.

"काल जे केलंस ते बंड होतं," तो आरशात बघून म्हणाला.

"मग परवाच्या प्रयोगात पुन्हा धावायचं का, सर?"

तो गडबडला. "नाही. चालणं राहील. ते माझं आहे आता. पण तू नसशील. वय झालंय तुझं."

आदल्या दिवसापर्यंत तो तिला 'मुली' म्हणून हाक मारत होता. या धंद्यात मुलीची एकदम म्हातारी होते. मधलं बाईपण कुणाला मिळत नाही. मुख्य नर्तकी निवृत्त होते तेव्हा फुलांचा पाऊस पडतो. रांगेतली बाई जाते तेव्हा तिच्या खुंटीवरचा झगा दुसरीच्या मापाने उसवतात. पहिलीने यावेळी 'बरं' म्हटलं नाही. "वय माझं झालं असेल," ती म्हणाली, "पण अंगण वाकडंच होतं." आणि दार उघडं टाकून निघून गेली.

आता ती एका दुकानाच्या वरच्या खोलीत लहान मुलींना शिकवते. त्या खोलीत सगळ्यात आधी काय आलं असेल, तर राळेचा डबा. शेपूट तिथे हजेरी घेते, पियानो वाजवते, आणि जिना उतरताना कठडा धरते. छडी नाही. आयांना पाठमोरं उभं करत नाहीत.

गेल्या हंगामात त्या नाचाचा पुन्हा प्रयोग लागला. पहिलीला जायचं नव्हतं. आईनेच तिकिटं काढली, तीन, सगळ्यात वरच्या सज्जात. "मला बघायचंय माझ्या लेकीचं काम," ती म्हणाली. "पण टाळी वाजवणार नाही. माझी टाळी त्या मेल्याला मिळता कामा नये." आणि खरंच, दिवे गेल्यावर ती हाताची घडी घालून बसली.

व्हायोलिन धावायला लागली. नवी पहिली विंगेतून बाहेर आली, चालत. पूर्वी ती दुसरी होती. मागे सगळी रांग. खालची जमीन तशीच काळी, चकचकीत. स्टेजच्या मधोमध झोताशी आल्यावर नवी पहिली एक पाऊल बाजूला झाली, जमिनीवर काहीतरी ठेवलेलं असावं आणि त्यावर पाय पडू नये, तशी. मग पुन्हा सरळ. मागची तिथेच आली, तीही तशीच बाजूला झाली. तिच्या मागचीही. पुढचीला सोडायचं नसतं. एकेक करून सगळी रांग त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेली, आणि खाली बसलेल्या लोकांना वाटलं, वा, काय कल्पना आहे.

शेपटीने पहिलीचा हात घट्ट धरला. दवाखान्यातही ती रडली नव्हती. आता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

"तिथे मध्येच अशा का वळल्या गं?" आईने विचारलं. "काय आहे तिथे?"

"तिथे ही पडली होती, आई."

पडदा पडला, टाळ्या झाल्या, खाली आरसा येऊन वाकून गेला. आईची घडी तशीच होती. मग टाळ्या ओसरल्या, दिवे लागले, लोक कोट घालून उठायला लागले. तेव्हा कुठे तिने हात सोडले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्या सज्जात एकटी. लोक वळून बघायला लागले, ती बघा चुकली म्हणून. शेपूट वाजवायला लागली. मग पहिली.